साल पिकली, पण आंबा पिकला काय ?

यंदा अक्षय्यतृतीयेच्या दिवशीं आमच्या घरीं एक लहानशी गोष्ट घडली. गोष्ट आंब्याची. तिच्यावरून घरांत जें थोडेसें वाकडें आलें तें चार दिवसांत सरळहि झालें. परंतु तिच्या निमित्तानें मला उतारवयांत पुन्हां विद्यार्थी व्हावें लागलें, आणि त्यांत जें शिकलों तें कुटुंबवत्सल वाचकांच्याहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें सांगतों.

आमचें बिऱ्हाड वाकोल्यास, पुलापासून हांकेच्या अंतरावर. घरांत माझ्या वहिनी, त्यांचा मुलगा व सून, त्यांची दहा वर्षांची मुलगी आणि आम्ही उभयतां अशीं सहा माणसें. वडील बंधूंना जाऊन बारा वर्षें झालीं. तेव्हांपासून वहिनींचा नेम असा कीं, अक्षय्यतृतीयेस त्यांच्या नांवानें उदककुंभ देऊन आंबा ठेवावा, आणि त्याआधीं त्या वर्षाचा आंबा जिभेस लावूं नये. यंदा पुतण्यानें कचेरींतून येतांना मोठ्या हौसेनें हापूसची पेटी आणिली. झांकण काढतांच सर्वांचे डोळे निवाले. आंबे एकजात पिवळेधमक; देठापाशीं हिरवी रेघ म्हणून नाहीं. पण सुनेनें पहिला आंबा चिरला तों सुरी करकरली. बाठ्यालगतचा गर पांढुरका, चव आंबट, आणि वास तर मुळींच नाहीं. पेटींतले सगळे तसेच. वहिनींनीं ब्र काढला नाहीं. त्यांनीं रसांत साखर व वेलची घालून नैवेद्य दाखविला आणि पाणी सोडलें. मला मात्र राहवलें नाहीं. “रंगाला भुलून बाजार करणाऱ्यांचें असेंच व्हावयाचें,” असें मी भरल्या पानावर बोलून गेलों. पुतण्या अर्धपोटीं उठला.

दुपारीं सर्वत्र निजानीज झाल्यावर नात हातांत आंब्याची साल घेऊन माझ्यापाशीं आली. “आजोबा, साल तर पिकली आहे आणि आंतला आंबा कच्चा आहे. मग पिकलें कोण ?”

पस्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें, पण इतका नेमका प्रश्न मला क्वचित् कोणीं विचारला असेल. मला जें येत होतें तें मीं प्रथम सांगितलें. पिकणें व शिजणें या दोहोंना संस्कृतांत एकच धातु आहे, पच्. भात पक्व होतो चुलीवर, फळ पक्व होतें झाडावर, आणि बुद्धि परिपक्व होते अनुभवानें. ‘पक्व’ हें रूप सामान्य नियमांनीं सिद्ध होत नाहीं, म्हणून पाणिनीनें त्या एका धातूकरितां स्वतंत्र सूत्र केलें आहे. आपल्या तर्कशास्त्रकारांनीं तर पाकाचा फार खोल विचार केला. तेजाच्या संयोगानें पार्थिव पदार्थांत जे गुण पालटतात त्यांना त्यांनीं ‘पाकज’ म्हटलें आणि ते चार मोजले : रूप, रस, गंध व स्पर्श. हा पालट वस्तूच्या परमाणूंत होतो कीं सबंध वस्तूंत होतो, यावर वैशेषिक व नैयायिक यांचा मोठा वाद झाला. पहिल्यांचा तो पीलुपाक, दुसऱ्यांचा पिठरपाक.

नातीनें सगळें ऐकून घेतलें आणि म्हणाली, “म्हणजे आपल्या आंब्याचें नुसतें रूप पिकलें, बाकीचे तीन राहिले.” बोलणें बिनचूक होतें, पण चारांपैकीं एकच गुण कां पालटावा, हें मला सांगतां येईना. आमच्या घरापासून जवळच कलिन्यास विद्यापीठाचें विस्तीर्ण आवार आहे. तेथें माझा एक जुना विद्यार्थी जीवरसायनशास्त्र शिकवितो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातीचा हात धरून मी त्याच्याकडे गेलों. एके काळीं ज्याला विभक्ति-प्रत्यय पाठ करावयास लाविले, त्याच्यासमोर वही उघडून बसण्यांत जो आनंद आहे तो सेवानिवृत्त शिक्षकांनाच कळेल. पुढील माहिती त्याच्याकडून व त्यानें वाचावयास दिलेल्या ग्रंथांतून मिळविलेली आहे.

प्रथिन म्हटलें कीं आपल्याला डाळ, दूध व कडधान्यें आठवतात. आंब्याच्या शंभर ग्रॅम गरांत प्रथिन एक ग्रॅमभरहि नसतें. तेव्हां खाणाऱ्याच्या दृष्टीनें तें नगण्यच. परंतु फळाच्या दृष्टीनें पाहिल्यास त्या एवढ्याशा अंशांत सारा कारखाना सांठविलेला आहे. वर्णमालेंतील थोड्याशा वर्णांनीं जसे हजारों शब्द होतात, तशीं सुमारें वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या निरनिराळ्या रचनांनीं हजारों प्रथिनें होतात, आणि शब्दाप्रमाणेंच प्रत्येक प्रथिनाचा अर्थ, म्हणजे त्याचें काम, वेगळें असतें. यांतलीं पुष्कळशीं प्रथिनें स्वतः न संपतां दुसऱ्या द्रव्यांत पालट घडवून आणितात. त्यांना विकरें म्हणतात. पोळीचा कोरडा घांस तोंडांत बराच वेळ चघळला तर तो गोड लागूं लागतो, हा अनुभव सर्वांना आहे. लाळेंतील एक विकर पिठाची साखर करीत असतें, त्याची ती गोडी.

पिकणें म्हणजे फळाचें हळूहळू कुजणें, असें पुष्कळ काळ समजलें जात असे. तसें तें नाहीं. पिकावयाच्या वेळीं फळ आपलीं कांहीं जुनीं प्रथिनें मोडून टाकतें आणि कांहीं नवीं मुद्दाम तयार करितें. १९६८ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं नासपतीच्या फळांना, नवीं प्रथिनें बनूं न देणारें एक औषध आरंभींच दिलें. तेव्हां तीं फळें पिकेनात. म्हणजे फळ पिकतें तें नव्या कारागिरांच्या हातून. आणि ते कारागीर बोलाविलेच नाहींत तर तें तसेंच बसून राहतें. दुसरी लक्षांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं, साल व गर हीं एका छपराखालचीं दोन बिऱ्हाडें आहेत. हांक दोघांना एकच येते, पण प्रत्येकाचे कारागीर निराळे, सामान निराळें आणि कामाचा वेगहि निराळा. माझ्या नातीच्या प्रश्नाचें उत्तर या दोन वाक्यांत आलें. आतां तें शास्त्रकारांच्या चार गुणांच्या क्रमानेंच पाहूं.

प्रथम रूप. कच्च्या सालीचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. हें हरितद्रव्य पेशींत मोकळें नसतें. कोंदणांत हिरा बसवावा तसें तें ठराविक प्रथिनांत बसविलेलें असतें. फळ पिकूं लागलें म्हणजे सालीच्या पेशी हीं कोंदणें मोडूं लागतात. परंतु कोंदणाबाहेर पडलेलें हरितद्रव्य उजेडांत पेशीला घातक, म्हणून त्याची त्याच वेळीं विल्हेवाट लावणारीं विकरें ओळीनें कामाला लागतात आणि त्याचें शेवटीं बिनरंगी द्रव्य करून टाकतात. हिरवें पटल गेलें कीं मागचा पिवळा-नारिंगी कॅरोटीनवर्गीय रंग दिसूं लागतो, आणि तोहि याच सुमारास वाढतो. या मोडतोडीच्या आरंभीं ज्या प्रथिनाचा हात असतो, तें नसेल तर रंग हिरवाच राहतो. मेंडेलनें गेल्याच्या मागील शतकांत वाटाण्याच्या पिवळ्या व हिरव्या दाण्यांवरून आनुवंशाचे नियम काढले हें आपण शाळेंत शिकलों. त्यांतील हिरव्या दाण्याचें हिरवेपण याच प्रथिनाच्या दोषामुळें टिकतें, असा उलगडा २००७ सालीं झाला. केळ्याच्या सालींत तर आणखी एक मौज आहे. हरितद्रव्याच्या मोडणींतून तेथें जीं द्रव्यें उरतात, त्यांमुळें पिकलेली पिवळी साल अतिनील प्रकाशांत निळी चमकते. ही गोष्ट २००८ सालीं प्रसिद्ध झाली.

रूपाचें हें खातें गरापासून किती स्वतंत्र असतें, याचीं दोन उदाहरणें आपल्या महाराष्ट्रांतच आहेत. पहिलें नागपुरी संत्र्याचें. आंबिया बहाराचीं संत्रीं पावसाळा सरल्यावर तयार होतात, तेव्हां रात्री पुरेशा थंड झालेल्या नसतात. आंतील रस गोड झाला तरी साल हिरवट राहते, कारण संत्र्याच्या सालीस रंग पालटावयाला रात्रींचा गारवा लागतो. अशीं संत्रीं एथिलीन नांवाच्या वायूंत ठेविलीं म्हणजे साल पिवळी होते. आंतला रस मात्र होता तसाच राहतो, गोड असेल तर गोड, आंबट असेल तर आंबट. दुसरें उदाहरण जळगांवकडून येणाऱ्या केळ्यांचें. त्या जातीच्या केळ्यांच्या सालींतील हरितद्रव्य सुमारें चोवीस अंशांवरील उष्णतेंत नीटसें मोडत नाहीं, पण गर मऊ व गोड होत जातो. म्हणून वैशाखांत घरीं पिकविलेलें केळें वरून हिरवट आणि आंतून पूर्ण पिकलेलें निघतें. व्यापारी त्याच केळ्यांना थंड खोलींत पिकवून सोनेरी करितात. एकीकडे साल खोटी ग्वाही देते, तर दुसरीकडे खरी ग्वाही द्यावयाचें नाकारते.

दुसरा गुण रस. हिरव्या केळ्यांत सुमारें वीस टक्के पिष्ट असतें. पिकल्यावर तें जेमतेम एक-दोन टक्के उरतें, बाकीच्याची साखर होते. हें काम लाळेंतल्या विकराच्या जातीचींच विकरें करितात. आंब्यांतहि तसेंच, आणि त्याबरोबर आम्लहि कमी होत जातें. परंतु येथें एक अट आहे. साखर व्हावयाची ती सांठविलेल्या पिष्टाची. फळ कोवळेंच उतरविलें तर कोठारच रिकामें; मग विकरांनीं साखर करावी कशाची ? म्हणूनच कोंकणांतील बागाइतदार आंबा “चौदा आणे” तयार झाल्यावर, म्हणजे शेंकडा पंचाऐशी ते सत्त्याऐशी पक्वतेस, देठासह झेल्यानें उतरवितात. आणेपद्धत चलनांतून गेली, पण आंब्याच्या बागेंत ती अजून चालते.

तिसरा स्पर्श. पेशीपेशींना जोडणारा जो सांधा असतो त्यांत पेक्टिन नांवाचें द्रव्य असतें. मुरंबा किंवा जेली ज्याच्यामुळें धरते तेंच हें. फळ पिकतांना अनेक विकरें मिळून हें पेक्टिन विरवितात व पेशींच्या भिंती सैल करितात. १९९४ सालीं अमेरिकेंत यांतील एकाच विकराची निर्मिति दाबून टाकलेला टोमॅटो बाजारांत आणिला, या आशेनें कीं तो मऊच पडूं नये. पण मऊ पडण्याच्या कामीं त्यानें म्हणावा तसा फरक पडला नाहीं; एक कारागीर रजेवर गेला तरी बाकीचे काम पुढें नेतात, हेंच त्यांतून दिसून आलें. आंब्यांत हा मऊपणा बाठ्याकडून सुरू होऊन बाहेर सालीकडे सरकतो. म्हणून चांगल्या पिकलेल्या आंब्यास हलकेंच दाबलें असतां तो आंतून लवतो. नुसती साल सुरकुतलेली आणि आंत घट्ट, असें त्यांत होत नाहीं.

चौथा गुण गंध, आणि हापूसचें खरें वैभव याच गुणांत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत हापूसच्या वासाचा पुष्कळ वर्षें अभ्यास झाला. कच्च्या आंब्याचा वास निराळ्या द्रव्यांचा असतो. पिकतांना त्यांत लॅक्टोन व फ्युरॅनोन या वर्गांतील द्रव्यांची भर पडते, आणि आपण ज्याला ‘हापूसचा घमघमाट’ म्हणतों तो बराचसा यांचा. त्यांपैकीं एक सुगंधी द्रव्य तयार करणारें हापूसमधील विकर तेथील संशोधकांनीं ओळखून काढलें व २०१३ सालीं त्याची माहिती प्रसिद्ध केली. हें काम पिकण्याच्या अखेरच्या टप्प्यांतलें आहे, म्हणून वास हा पिकण्याचा सर्वांत भरंवशाचा साक्षी. आमच्या पेटींतील आंब्यांना वास नव्हता. म्हणजे शेवटचा कारागीर कामावर आलाच नव्हता.

आतां या सर्वांना हांक कोण मारतो ? ती हांक वर सांगितलेल्या एथिलीन वायूची. रस्त्यांवरील दिव्यांकरितां जो गॅस जाळीत, त्याच्या गळतीनें झाडांची वाढ बिघडते, आणि तो परिणाम एथिलीनचा, हें १९०१ सालीं रशियांतील नेल्यूबोव्ह या शास्त्रज्ञानें दाखविलें. पिकणारें सफरचंद स्वतःच हा वायु सोडतें, हें १९३४ सालीं गेन यांनीं सिद्ध केलें. तो वायु वनस्पतींत कोणत्या द्रव्यापासून होतो हें कॅलिफोर्नियांत यांग यांनीं १९७९ सालीं शोधून काढलें. हांक देणारीं विकरें हीं प्रथिनें, आणि हांक ऐकणारें प्रथिनहि पेशींत असतें; त्यांतील पहिल्याचा शोध १९९३ सालीं लागला. एथिलीन नसतांना हा ऐकणारा पहारेकरी पिकण्याचीं कामें दाबून धरितो, आणि वायु येऊन पोंचला म्हणजे तो बाजूला होतो. एका फळानें सोडलेला वायु शेजारच्या फळाला पोंचतो, तें पिकूं लागतें आणि स्वतः वायु सोडतें. जुन्या लोकांनीं भाताच्या पेंढ्यांत अढी घातली किंवा केळ्यांना बंद जागेंत धुरी दिली, ती याच तत्त्वावर. पेंढ्यांत हा वायु कोंडला जातो, आणि धुरांतहि तो असतो. अढींत हात घातला तर ऊब लागते, हें कोंकणांतील कोणालाहि ठाऊक आहे. पिकतांना फळाचा श्वासोच्छ्वास एकदम वाढतो, असें केंब्रिज येथें किड व वेस्ट यांनीं गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत सफरचंदांवर मोजून दाखविलें. ही ऊब त्या श्वासाची. तर्कशास्त्रकारांनीं पाकाला तेजाचा संयोग मानला होता. फळाला तें तेज बाहेरच्या भट्टींतून आणावें लागत नाहीं, तें तें आंतच पेटवितें, एवढें आपण त्यांत जोडावें.

आतां आमच्या पेटीकडे वळतों. कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या फळांत ठेविल्या म्हणजे हवेंतील दमटपणानें त्यांतून अॅसिटिलीन वायु निघतो. त्याचा आवाज बराचसा एथिलीनसारखा, पण कितीतरी क्षीण. म्हणून तो फार मोठ्या प्रमाणांत सोडावा लागतो. फळ कोवळें असलें तरी सालीवरील हरितद्रव्य मोडण्यापुरती ही नक्कल पुरते, आणि साल पिवळी होते. गरांत मात्र पिष्टाचें कोठार भरलेलें नाहीं आणि वासाच्या कारागिरांची तयारी नाहीं. तेथें दाद कोण देणार? शिवाय बाजारी कार्बाइडमध्यें आर्सेनिक व फॉस्फरस यांचे विषारी अंश असतात. या रीतीनें फळें पिकविण्यास १९५५ च्या अन्नभेसळविषयक नियमांत बंदी होती आणि २०११ च्या अन्नसुरक्षा नियमावलींतहि ती कायम आहे. एथिलीन वायूचा उपयोग करण्यास मात्र २०१६ पासून, हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत, परवानगी आहे. म्हणून ‘खोलींत पिकविलेला’ तेवढा वाईट आणि ‘झाडाखालचा’ तेवढा चांगला, असें समजूं नये. पुरत्या तयार झालेल्या फळाला फळाचाच वायु दिला तर चारहि गुण ओळीनें पालटतात. दोष हांकेचा नाहीं. वेळेपूर्वीं व नक्कल करून मारलेल्या हांकेचा आहे.

सालीबद्दल एवढें लिहिल्यावर तिची दुसरी बाजू न सांगणें अन्यायाचें होईल. साल ही नुसती रंगारीण नव्हे, ती घराची राखणदार आहे. कच्च्या आंब्याचा चीक व सालींतील कांहीं कडक द्रव्यें बुरशीला वाढूं देत नाहींत. पिकतांना हीं द्रव्यें कमी होतात, आणि सालींत कित्येक दिवस निजून राहिलेली बुरशी जागी होते; पिकल्या आंब्यावर जे काळे ठिपके पसरतात ते पुष्कळदां तिचेच. गर गोड झाला कीं चोर वाढणारच. म्हणून अनेक फळें पिकतांना राखणीचीं प्रथिनें वाढवितात. द्राक्षांत रंग भरूं लागला कीं बुरशीच्या पेशींची भिंत विरविणारें विकर व त्याच्या जोडीचीं दुसरीं प्रथिनें सांठूं लागतात. सफरचंद व पीच यांच्या सालींत मेणासारखीं द्रव्यें वाहून नेणारें एक चिवट प्रथिन असतें. शिजवूनहि तें सहसा मोडत नाहीं. कांहीं माणसांना त्याचें वावडें असतें आणि फळ खातांच ओठ व घसा खाजूं लागतो. तें प्रथिन मुख्यतः सालींत असल्यानें साल काढल्यास त्रास पुष्कळ कमी होतो. परंतु ज्यांना त्रास तीव्र होतो त्यांनीं घरगुती प्रयोग न करितां वैद्यांचाच सल्ला घ्यावा. आंब्याच्या चिकानें ओठांवर जें पुरळ उठतें तें मात्र प्रथिनामुळें नव्हे. आंबा, काजू व बिब्बा हीं एकाच कुळांतील झाडें, आणि बिब्ब्याच्या तेलाचा जो धर्म त्याचाच सौम्य अंश आंब्याच्या चिकांत आहे. आंबा चोखण्यापूर्वीं घटकाभर पाण्यांत ठेवून देठ पिळून टाकण्याची जी आपल्या घरांतील चाल आहे ती म्हणूनच टिकवावी.

हें सारें वहींत उतरवून घरीं आलों, तेव्हां माझ्या मनांत एक गोष्ट सलत होती. रात्रीं पुतण्याला जवळ बसवून मीं सांगितलें कीं काल मीं चुकीचें बोललों. त्या सालीनें मलाहि फसविलें असतें. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, आंबा हातांत घेऊन कसा पाहावयाचा तें मला कोणीं दाखविलेंच नाहीं. बाबा आणीत, आम्ही खात असूं.” त्याचें म्हणणें खरें होतें. पस्तीस वर्षें दुसऱ्यांच्या मुलांना शिकविणाऱ्यानें स्वतःच्या पुतण्याला बाजारांत एकदांहि बरोबर नेलें नव्हतें.

त्या रविवारीं आम्ही दोघे व नात असे तिघे मिळून वाकोल्याच्या बाजारांत गेलों आणि तयार पण हिरवे असे दोन डझन हापूस घेतले. देठाभोंवतीं खांदे वर आलेले आणि देठ किंचित् खोल गेलेला, अशी त्यांची निवड केली. घरीं आल्यावर बादलींत पाणी घेऊन एकेक आंबा सोडला. पुरता तयार आंबा पाण्यांत बुडतो आणि कोवळा तरंगतो. चोवीसांपैकीं तीन तरंगले. त्यांची चटणी झाली. बाकीच्यांतील अठरा वहिनींनीं पलंगाखालीं गोणपाटावर एका थरांत लावून जुन्या वर्तमानपत्रांनीं झांकले. पेंढा या शहरांत कोठून आणावा ! उरलेले तीन नातीनें परीक्षेसाठीं घेतले. एक पिकल्या केळ्याबरोबर कागदी पिशवींत, एक उघड्यावर आणि एक शीतकपाटांत. तिनें वहींत रूप, रस, गंध व स्पर्श अशीं चार घरें आंखलीं आणि प्रत्येकास दहा गुण ठेविले.

पिशवींतला आंबा पांचव्या दिवशीं तयार झाला, उघड्यावरचा आठव्या दिवशीं. शीतकपाटांतला दहा दिवसांनींहि दगडासारखा. सालीवर करडे खड्डे पडले, आणि बाहेर काढून ठेविल्यावरहि त्याला चव म्हणून आली नाहीं. हिरवा आंबा बारा-तेरा अंशांखालीं फार दिवस ठेविला तर त्याच्या पेशींना इजा होते आणि मग पिकण्याचें काम पुन्हां सुरळीत लागत नाहीं. तेव्हां शीतकपाटांत ठेवावयाचा तो पिकल्यावरच ठेवावा. केळ्याचें थोडें वेगळें. पिकलें केळें थंडींत ठेविलें तर साल काळी पडते, कारण थंडीनें सालींतील पेशींचीं पटलें फाटून आंतलें एक विकर नको त्या द्रव्याला जाऊन भेटतें. पण आंतला गर पुष्कळ वेळ चांगलाच असतो. काळी साल पाहून केळें टाकूं नये.

पलंगाखालच्या अढीवर वहिनी रोज सकाळीं वांकून एकेक आंबा चांचपीत आणि हुंगून पाहत. पुतण्याहि कचेरींत जाण्यापूर्वीं त्यांच्या शेजारीं बसूं लागला. “हा उद्यां, हा परवां,” असें त्या सांगत, आणि तो लक्ष देऊन ऐके. सातव्या दिवशीं खोलींत पाऊल टाकतांच वास आला. त्या दिवशीं कोणतीहि तिथि नव्हती, पण वहिनींनीं पहिला आंबा धुऊन बंधूंच्या तसबिरीपुढें ठेविला आणि मला म्हणाल्या, “भाऊजी, अढी आंब्यालाच बरी.” एवढेंच बोलल्या, आणि पुतण्याला हांक मारून त्याच्याच हातून तो चिरविला.

नातीनें त्या आंब्याला चाळीसपैकीं अडतीस गुण दिले. देठाजवळ थोडी हिरवी झांक होती म्हणून रूपांतले दोन कापले. मग तिनें वहीचें मागचें पान उलटून अक्षय्यतृतीयेच्या पेटीचेहि गुण आठवून लिहिले : रूप दहा, रस दोन, गंध शून्य, स्पर्श तीन. बेरीज पंधरा.

“आजोबा, पंधरा म्हणजे नापास ना ?” तिनें विचारलें. मीं होय म्हटलें, आणि तिनें खालीं तांबड्या शाईनें तसें लिहून मजकडून सही घेतली.